बॉम्ब दिला आणि हात झटकले?

इराक युद्धाच्या आधीपासून एक समज फिरतो आहे: एखादा देश दहशतवाद्यांच्या हाती गुपचूप अणुबॉम्ब देईल, शहर उद्ध्वस्त होईल आणि देणारा नामानिराळा राहील.

इथेच गोची आहे. स्फोटानंतरच्या धुळीत प्लुटोनियम या बॉम्बच्या इंधनाच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण सापडतं. इंधन अणुभट्टीत किती काळ होतं, याचा माग त्यावरून निघू शकतो. नाव लगेच कळेलच असं नाही. पण अण्वस्त्रं असलेले देश जेमतेम नऊ, त्यातही त्या गटाचा पाठीराखा कोण, हे बहुधा आधीच ठाऊक असतं. शिवाय कोट्यवधी खर्चून कमावलेलं अस्त्र, ज्यांच्यावर ताबा नाही अशांना कोण देईल? उद्या ते उलटलं तर?

पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खानचं उदाहरण हमखास पुढे येतं. त्याच्या जाळ्याने सेंट्रिफ्यूजचं, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचं, तंत्रज्ञान विकलं हे खरं, पण इराण, लिबिया, उत्तर कोरिया या देशांना. तयार बॉम्ब नव्हे.

खरी धास्ती चोरीची. १९९४ मध्ये प्रागला एका गाडीत सुमारे २.७ किलो अतिसमृद्ध, म्हणजे बॉम्बसाठी वापरता येणाऱ्या प्रकारचं, युरेनियम सापडलं. ते कुठल्या सरकारने भेट दिलेलं नव्हतं, चोरट्या बाजारातलं होतं.