लाल ओळ निळी का झाली?

ओळखीतल्या एका वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या नोंदींचा छोटासा प्रोग्राम लिहिला होता. मुदत उलटून गेलेल्या पुस्तकाची ओळ यादीत लाल दिसायला हवी होती. ती दिसली गडद निळी. ग्रंथपाल बाई लगेच म्हणाल्या, "मॉनिटर गेला वाटतं." रंग चुकला की मॉनिटरला दोष द्यायचा, हा समज घरोघरी आहे. पण मॉनिटर बिघडला तर सगळ्या पडद्याचे रंग बिघडतात, एकट्या ओळीचा नाही. खात्रीच करायची असेल तर स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर बघावा. तिथेही ओळ निळीच दिसली तर मॉनिटर निर्दोष आहे.

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश असतात. प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५, म्हणजे एक बाइट. बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे ० किंवा १ एवढाच एक अंक. तिन्हींच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ रंग होतात. संगणकाला 'लाल' ठाऊक नसतो, कितव्या जागी कोणता आकडा आहे एवढंच ठाऊक असतं.

वेबपानासाठी लाल रंग एफएफ०००० असा लिहितात. एफएफ म्हणजे षोडशमान पद्धतीतले, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीतले, २५५. आधी लाल, मग हिरवा, शेवटी निळा. विंडोजमध्ये अक्षरांना रंग देण्यासाठी जो आकडा लागतो त्याला कलररेफ म्हणतात. त्यात निळा डावीकडे आणि लाल अगदी उजवीकडे असतो. मी वेबचा आकडा तसाच उचलून दिला होता. विंडोजने तो आपल्या पद्धतीने वाचला, आणि निळा रंग दिला.

हा क्रम कागदावर उलटा दिसतो, पण मेमरीत तो सरळ आहे! इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर अनेक बाइटांची संख्या साठवताना सर्वांत लहान स्थानाचा बाइट आधी ठेवतात. इंग्रजीत याला 'लिटल एंडियन' म्हणतात. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ४५ लिहिताना आपण ४ आधी लिहितो, पण म्हणतो 'पंचेचाळीस': पाच आधी, चाळीस मागून. 'अङ्कानां वामतो गतिः' हे संस्कृत वचन हेच सांगतं, अंक उजवीकडून डावीकडे चालतात. कलररेफमध्ये लाल एककाच्या जागी असतो, म्हणून मेमरीत तोच पहिला येतो. त्यामागे हिरवा, मग निळा आणि शेवटी एक रिकामा बाइट.

गुंता पुढेच आहे. त्याच विंडोजमधल्या बीएमपी चित्रांत नेहमीच्या २४ बिटांच्या ठिपक्याचे बाइट निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने असतात. चित्रातला रंग उचलून खिडकीला द्यायचा तर दोन टोकांची अदलाबदल करावीच लागते. ती विसरली की माणसांचे चेहरे निळे पडतात. मॉनिटरच्या जाहिरातीत हल्ली '१०७ कोटी रंग' असं लिहिलेलं असतं. प्रत्येक प्रकाशाला १० बिट दिले की तेवढे रंग होतात, आकडा खराच आहे. पण क्रम चुकला असेल तर महागड्या मॉनिटरवरही चेहरा निळाच दिसणार, तेव्हा अशा दोषासाठी नवा मॉनिटर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

हा दोष लपतोही फार सहज. लाल आणि निळ्याचा आकडा सारखा असेल तर अदलाबदलीने काहीच बदलत नाही. काळा, पांढरा, सगळे राखाडी, निव्वळ हिरवा, असे ६५,५३६ रंग जसेच्या तसे राहतात. डेस्कटॉपवरच्या खिडक्या आणि बटणं बहुतेक राखाडीच, म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं.

मी आता चाचणीला तिरंगा वापरतो. पडद्यावर केशरीसाठी २५५, १५३, ५१ हे आकडे सर्रास वापरतात. क्रम उलटला की ते ५१, १५३, २५५ होतात आणि वरचा पट्टा आकाशी दिसतो. पांढरा हलत नाही, हिरव्यातला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि अशोकचक्र गडद निळ्याचं तपकिरी-लाल होतं. वाचनालयातल्या त्या यादीत दोन आकड्यांच्या जागा बदलल्या, आणि थकलेली पुस्तकं लाल झाली.