काचेच्या निगेटिव्ह स्कॅनिंगला आणण्यापूर्वी

जुन्या स्टुडिओतल्या पोर्ट्रेट निगेटिव्ह आणताना एक विनंती आहे: घरी पुसून आणू नका. त्यावर मळ वाटतो तो पुष्कळदा मळ नसतो.

१८८० च्या सुमारास जिलेटिनच्या तयार प्लेट कारखान्यांतून मिळू लागल्या आणि पुढे कित्येक वर्षं स्टुडिओंचं काम त्यांच्यावरच चाललं. प्लेटची एक बाजू चकचकीत काच असते, दुसरी मंद दिसणारी बाजू इमल्शनची, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनच्या थराची. इमल्शनची बाजू उजेडात तिरकी धरून चेहऱ्याकडे पाहा. गालावर, कपाळावर, डोळ्यांखाली शिसपेन्सिलीचे स्वल्पविरामाएवढे बारीक फटकारे दिसतील. त्या काळच्या बहुतेक प्लेटना लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे तांबूस डाग आणि वांग छापात काळे उमटत. निगेटिव्हवर तेवढी जागा पेन्सिलीने गडद केली की छापात ती उजळ येई. कापडाचा एक हात फिरला तर हे सगळं रिटचिंग निघून जातं आणि परत आणता येत नाही.

काचेची बाजूही आधी नीट बघावी लागते. पार्श्वभूमी कोरी पांढरी यावी म्हणून व्यक्तीभोवती लाल किंवा काळा रंग लावलेला असतो, कुठे पातळ कागद चिकटवलेला असतो. असं काही नसेल तरच आम्ही ती बाजू डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेल्या कापसाने पुसतो, तीही कडेपासून सेंटिमीटरभर आत राहून. पाणी कडेवरून पलीकडे झिरपलं तर जिलेटिन फुगतं आणि काच सोडतं. इमल्शनवर फक्त हवा फुंकणारा रबरी फुगा, आणि थर घट्ट असेल तर मऊ कोरडा ब्रश. काच पुसायचे बाजारी स्प्रे दोन्ही बाजूंना वर्ज्य.

कडेला निळसर आरशासारखी चमक दिसते ती थरातली चांदी पृष्ठभागावर आल्याची. ती घासू नका. थर सुटू लागला असेल तर प्लेट पाकिटात सरकवू नका, चार पाकळ्यांच्या कागदी घडीत ठेवा. फुटलेल्या प्लेटला चिकटपट्टी कधीही लावू नका, चिकट पदार्थ इमल्शन ओढून काढतो. तुकडे वेगवेगळ्या कागदात, आडवे आणा. अखंड प्लेट लांब कडेवर उभ्या, मध्ये जाड पुठ्ठा घालून, हलणार नाहीत अशा भरा. खोका लहानच घ्या, काच फार जड होते.

स्कॅनिंगमध्ये प्लेट खालून उजळतो आणि इमल्शन कॅमेऱ्याकडे ठेवतो. प्रतिमा डावी-उजवी उलटी येते, ती नंतर आरशातल्यासारखी पलटवतो. या निगेटिव्ह उन्हात कागद छापण्यासाठी दाट केलेल्या असत, त्यामुळे स्वयंचलित एक्स्पोजरवर पांढऱ्या कपड्यांचा पोत हमखास हरवतो. म्हणून एक्स्पोजर हाताने ठरवतो. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, १२०० पीपीआयला (इंचाला १२०० पिक्सेल) ५७०० × ७८०० पिक्सेल होते. १६ बिट ग्रेस्केल टिफ फाइल सुमारे ८९ एमबीची. ही फाइल जशीच्या तशी देतो, पेन्सिलीच्या खुणांसकट. छापण्यायोग्य केलेली प्रत वेगळी असते. फोटो काढताना हललेल्या मुलाचा चेहरा मात्र त्यातही रेखीव होणार नाही, कारण तो तपशील प्लेटवर उतरलेलाच नसतो.

जुनी पाकिटं फाटकी असली तरी सोबत आणा. त्यांवरचा क्रमांक प्लेटच्या कडेवरल्या क्रमांकाशी जुळला, तर स्टुडिओच्या नोंदवहीतून चेहऱ्याला नाव मिळू शकतं. नव्या पाकिटावर लिहायचं ते प्लेट आत ठेवण्याआधी, पेन्सिलीने.