बदली कपॅसिटर 'जास्त चांगला' असला की सर्किट का बिघडतं

वीस-तीस वर्षांपूर्वीचं एखादं सर्किट बनवायला घेतलं की रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, आयसी सगळं कसंबसं जमतं आणि गाडी अडते ती कपॅसिटरवर, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या भागावर. यादीत लिहिलेलं असतं '४७० पिकोफॅरड, पॉलिस्टायरीन' (पहिलं कपॅसिटीचं माप, दुसरं आतल्या प्लॅस्टिक फिल्मचं नाव), आणि हा प्रकार आता जवळजवळ कोणी बनवतच नाही, मिळाला तर कुठेतरी पडून राहिलेला जुना स्टॉक मिळतो. पॉलिकार्बोनेटचं तर त्याहून वाईट, त्याची फिल्म बनवणारी मुख्य कंपनी म्हणजे बायर, तिने २००० मध्ये उत्पादनच बंद केलं. टँटलम धातूच्या कपॅसिटरची त्याच वर्षी जगभर ओरड झाली होती आणि २०१८ मध्ये साध्या चिप सिरॅमिकचीही झाली, त्यामुळे टंचाई फक्त जुन्या मालाची असते असंही नाही.

मग बहुतेक जण तेवढ्याच व्हॅल्यूचा दुसरा कुठलातरी उचलून लावतात, आणि खरं सांगायचं तर दहापैकी आठ ठिकाणी चालूनही जातं. गंमत उरलेल्या दोन ठिकाणी आहे. तिथे लावलेला कपॅसिटर कागदावर मूळच्यापेक्षा सरस असतो, तरी सर्किट बोंबलतं, कारण मूळ डिझायनरने त्या कपॅसिटरचा दोषच कामाला जुंपलेला असतो.

व्होल्टेज रेग्युलेटर घ्या, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग. एलएम१११७ हा आयसी खूप बोर्डांवर दिसतो. त्याच्या आउटपुटला डेटाशीटमध्ये १० मायक्रोफॅरडचा टँटलम सांगितलेला आहे, आणि सोबत अट आहे की त्या कपॅसिटरचा अंगचा सिरीज रेझिस्टन्स, ज्याला ईएसआर म्हणतात, तो ०.३ ते २२ ओहमच्या मध्ये हवा. आता टँटलम नाही म्हणून कोणी छानसा सिरॅमिक लावला, ज्याचा ईएसआर काही मिलिओहम, म्हणजे आदर्शच की! पण रेग्युलेटर काय करतो, आउटपुट बघतो, कमी वाटलं तर वाढवतो, जास्त वाटलं तर कमी करतो, आणि ही दुरुस्ती पोचायला जरासा उशीर लागतो. उशीर वाढला की तो चुकीच्या वेळी ढकलायला लागतो आणि आउटपुट वरखाली डोलायला लागतं. ईएसआर असला की करंट बदलल्याबरोबर त्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज लगेच बदलतं, म्हणजे रेग्युलेटरला आगाऊ सुगावा लागतो. तो रेझिस्टन्स काढून टाकला की सुगावाही गेला. उपाय अगदी साधा आहे, सिरॅमिकच्या सिरीजमध्ये अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर टाकायचा, नाहीतर सरळ साधा इलेक्ट्रोलायटिक लावायचा. हल्लीचे बरेच रेग्युलेटर सिरॅमिक धरूनच बनवलेले असतात, त्यांना हे काही लागत नाही, म्हणून डेटाशीटमधली ती एक ओळ वाचल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नये.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, ते रेडिओवाल्यांचं. व्हीएफओ म्हणजे जिथे कॉइल आणि कपॅसिटर मिळून फ्रिक्वेन्सी ठरवतात तो भाग. आयर्न पावडरच्या कोअरवरची कॉइल गरम झाली की तिचं इंडक्टन्स थोडं वाढतं, समजा अंशाला दहा लाखात ३० भाग. फ्रिक्वेन्सी त्याच्या निम्म्याने, म्हणजे १५ भागांनी घटते. ७ मेगाहर्ट्झला हे होतात अंशाला साधारण १०५ हर्ट्झ, डबा दहा अंशांनी तापला की एक किलोहर्ट्झ गेलं आणि समोरच्याचा आवाज बदकासारखा यायला लागला. पॉलिस्टायरीनची खोड अशी की तापला की त्याची व्हॅल्यू कमी होते, अंशाला दहा लाखात १२० ते १५० भाग. एकूण कपॅसिटीतला योग्य तेवढा भाग पॉलिस्टायरीनचा ठेवला की एक वाढतो, एक घटतो, हिशोब मिटतो. इथे कोणी पॉलिस्टायरीन मिळेना म्हणून सी०जी सिरॅमिक लावला (याचंच जुनं नाव एनपी०), तर तो तापमानाला ढिम्म हलत नाही, फार तर अंशाला ३० भाग इकडेतिकडे. भाग म्हणून उत्तम, पण कॉइलची चूक निस्तरणारा आता कोणीच उरला नाही.

तेव्हा खोड परत आणायची. यू२जे नावाचा सिरॅमिक मिळतो, तो अंशाला दहा लाखात ७५० भाग घटतो. कॉइलचे ३० भाग खोडायचे तर एकूण कपॅसिटीच्या शंभरात चार भाग यू२जे आणि बाकी सगळा सी०जी, दोन्ही पॅरलल. म्हणजे ४७० पिकोफॅरडमध्ये १८ चा एक यू२जे आणि ४५० च्या आसपास सी०जी. हा आकडा सुरुवातीपुरताच, पुढे हेअर ड्रायरची हलकी हवा देऊन फ्रिक्वेन्सी कुठे सरकते बघत १५ किंवा २२ करून बघायचं.

उलटा घोटाळाही होतो, म्हणजे दिसायला बरोबर आणि आत पोकळ. एक्स७आर, एक्स५आर हे सिरॅमिक बेरियम टायटॅनेटचे असतात. त्यांच्यावर डीसी व्होल्टेज चढलं की आतली रचना जखडली जाते आणि कपॅसिटी घसरते. ६.३ व्होल्टचा बारीक चिप, वर १० मायक्रोफॅरड छापलेलं, ५ व्होल्टवर लावला की निम्म्याच्याही खाली गेलेला असू शकतो. आणि मल्टिमीटर हे सांगत नाही कारण तो मोजताना व्होल्टेज लावतो अगदी थोडं. म्हणून इलेक्ट्रोलायटिकच्या जागी सिरॅमिक घालायचा तर आकाराने मोठा आणि व्होल्टेजने दुप्पट-तिप्पट घ्यावा. ऑडिओच्या वाटेत तर हे सिरॅमिक घालूच नये असं माझं मत, आवाज बिघडवतातच, वर बोर्डवर टिचकी मारली की स्पीकरमधून टक् ऐकू येतं, कारण ते पिझोइलेक्ट्रिक असतात, म्हणजे धक्का बसला की व्होल्टेज तयार करतात. तिथे फिल्मच बरा.

फिल्ममध्ये पॉलिकार्बोनेटच्या जागी पॉलिप्रोपिलीन बहुतेक वेळा खपतो, फक्त अंगाने मोठा असतो, बोर्डवर बसेल का ते बघावं. जास्त उष्णता असेल तर पीपीएस नावाच्या प्लॅस्टिकचा. सँपल-होल्ड (व्होल्टेज क्षणभर धरून ठेवणारं सर्किट) किंवा इंटिग्रेटर (सिग्नलची बेरीज साठवत जाणारं) असेल तर पॉलिस्टर मात्र टाळा. चार्ज करून क्षणभर शॉर्ट केला तरी त्याच्यावर थोडं व्होल्टेज परत उगवतं, पॉलिप्रोपिलीनमध्ये हे अगदी किरकोळ असतं. नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला इलेक्ट्रोलायटिक हवा असेल तर दुप्पट व्हॅल्यूचे दोन साधे, मायनसला मायनस जोडून सिरीजमध्ये. वाल्व्ह रेडिओतले मेणकागदी कंडेन्सर तर चालू दिसले तरी काढाच, ते गळतात आणि आउटपुट वाल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज सोडतात. तिथे ६३० व्होल्टचा कुठलाही फिल्म निवांत चालतो.

एका ठिकाणी मात्र कसलीच कल्पकता नको. मेन्सच्या दोन वायरींमध्ये एक्स२ आणि वायर ते बॉडी वाय२, असा छाप असलेलाच लावायचा. वाय प्रकार बिघडला तरी शॉर्ट होऊ नये असा बनवलेला असतो, साधा फिल्म तिथे शॉर्ट झाला तर मेटलचा डबा लाइव्ह.

राहिला गँग कंडेन्सर, म्हणजे रेडिओ ट्यून करायचा फिरता कपॅसिटर. हवेचा मिळत नसेल तर प्लॅस्टिकचा पॉलिव्हॅरिकॉन, नाहीतर व्हॅरॅक्टर डायोड (उलट्या व्होल्टेजप्रमाणे ज्याची कपॅसिटी बदलते), आणि तोही नसेल तर उलटा जोडलेला साधा १एन४००७ डायोड, जो ४ व्होल्टला मेकप्रमाणे ८ ते १५ पिकोफॅरड देतो. रेंज तुटपुंजी, बारीक ट्यूनिंगला पुरते. बारीक फिक्स व्हॅल्यू तर घरीच होतात. १.६ मिलिमीटर डबल साइड ग्लास इपॉक्सी बोर्ड चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच पिकोफॅरड देतो आणि आरजी-५८ केबल मीटरला शंभरेक, म्हणजे सेंटिमीटरला एक. केबल जरा लांबच लावायची, मोकळ्या टोकाकडून पाव-पाव सेंटिमीटर कापत यायचं आणि दर वेळी जाळी आतल्या तारेला चिकटलेली नाही ना ते बघायचं. फक्त व्हीएफओत यातलं काही वापरू नका, दोन्ही तापमानाबरोबर स्वतःच्या मर्जीने सरकतात.