दिवेलागणीला कोंबडी खुराड्यात का शिरत नाही?

हौसेने चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या, नवं खुराडं बांधलं, आत भाताचं तूस पसरलं, दार सताड उघडं ठेवलं. आणि संध्याकाळी बघावं तर एक लिंबाच्या फांदीवर, दोघी कंपाउंडच्या भिंतीवर आणि चौथी थेट खुराड्याच्या छपरावर. आत कुणीच नाही. परसात नव्याने कोंबड्या पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला ही संध्याकाळ येते. मग काठ्या घेऊन धावाधाव होते, कोंबड्या आणखी बुजतात, आणि शेवटी ‘या जातीच हट्टी’ असं म्हणून माणूस थकून घरात जातो.

यात हट्टाचा काही संबंध नाही. भिंतीवर बसलेली कोंबडी अगदी शहाणपणाने वागत असते. अंधार पडायच्या आत उंच, ओळखीची आणि जमिनीपासून दूर अशी जागा गाठायची, हे तिच्या रक्तातच आहे. तुमचं खुराडं तिच्या लेखी अजून अशी जागा झालेलं नाही, एवढंच. ती जागा तशी कशी होईल हे समजून घ्यायचं तर आधी तिचे पूर्वज, तिचे डोळे आणि तिचं बालपण बघावं लागतं.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आठशेहून अधिक पक्ष्यांचे जनुकसंच तपासले गेले. नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या रानकोंबड्यांशी आपल्या कोंबडीचं नातं सगळ्यात जवळचं निघालं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना दिसतो तो राखी रानकोंबडा हा तिचा दूरचा भाऊबंद. पण तोही अगदीच परका नाही, कारण कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग देणारं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 साली संशोधकांनी दाखवून दिलं. हे दोन्ही पक्षी दिवसभर जमिनीवर पालापाचोळा उकरत हिंडतात आणि रात्र मात्र झाडावर किंवा बांबूच्या बेटात काढतात. निकोलस आणि एल्सी कोलियास या पक्षीअभ्यासक दांपत्याने 1960च्या दशकात उत्तर-मध्य भारताच्या जंगलात आणि सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात मोकळ्या सोडलेल्या थव्यांत रानकोंबड्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यात दिसलं की थवा रात्री वाटेल त्या झाडावर जात नाही. त्याच्या मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात आणि दिवसाचं हिंडणंफिरणंही त्या जागांच्या आसपासच चालतं.

खुराड्याचा सगळा प्रश्न इथे उलगडतो. मुक्कामाची जागा कोंबडी रोज संध्याकाळी नव्याने निवडत नाही. ती एकदा पक्की होते आणि मग पाय आपोआप तिकडे वळतात. तुमच्या लिंबाच्या फांदीवर तिने तीन-चार रात्री काढल्या तर लिंब हे तिचं घर झालं.

आता डोळे. रंग ओळखण्यात कोंबडीची दिवसाची नजर आपल्यापेक्षा सरस आहे. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्यात तीन प्रकारच्या, तिच्यात चार प्रकारच्या असतात. अतिनील प्रकाशाचा काही भागही तिला दिसतो. पण मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी तिच्याकडे तुलनेने कमी. म्हणून ऊन उतरलं की तिची नजर भराभर मंदावते, आणि काळोखात ती जवळपास असहाय होते. दिवसा हाताला न लागणारी कोंबडी रात्री दांडीवरून, म्हणजे तिच्या बसायच्या आडव्या लाकडावरून, अलगद उचलता येते ती यामुळे. रानमांजर, उदमांजर आणि कोल्ह्याला हे आपल्याआधी कळलेलं आहे.

एवढा धोका असताना वेळ चुकून चालणार नाही, म्हणून उजेड मोजायची तिची यंत्रणा नुसत्या डोळ्यांवर अवलंबून नाही. मेंदूच्या खोल भागातही प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. शिवाय पिनियल ग्रंथी. अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवणारी ही ग्रंथी माणसात डोळ्यांकडून येणाऱ्या निरोपावर चालते. कोंबडीत मात्र तिच्या पेशींना स्वतःलाच प्रकाश कळतो आणि त्यांचं स्वतःचं घड्याळही असतं. पिल्लाच्या पिनियल ग्रंथीतल्या पेशी बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवल्या, तरी त्या रात्रीच्या वेळी जास्त आणि दिवसा कमी मेलाटोनिन तयार करत राहतात. मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते. शरीरापासून तुटलेल्या मूठभर पेशींना दिवस कधी मावळला ते ठाऊक असतं. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की कोंबड्या लवकर परततात आणि खग्रास सूर्यग्रहणात भर दिवसा खुराड्याकडे चालू लागतात, त्याचंही मूळ या उजेड मोजण्यातच आहे.

मावळतीच्या आधी तास-दीड तास कोंबडी अधाशासारखी दाणे टिपते तेही बघण्यासारखं असतं. रात्रभर उपाशी राहायचं म्हणून ती गळ्याखालची पिशवी भरून घेते. अंडं देणारी असेल तर तिला चुनखडही हवी असते. अंड्याचं कवच तयार व्हायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री घडतो. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते दांडीवर झोपल्या झोपल्या जमवायचं असतं. नव्या कोंबडीला आत बोलावण्यासाठी याहून चांगली वेळ दुसरी नाही. दुपारनंतर बाहेर दाणे टाकणं थांबवावं आणि सूर्य बुडायच्या तासभर आधी बाजरी किंवा तांदळाच्या कण्या, सोबत शिंपल्यांचा चुरा, असं सगळं फक्त खुराड्यात ठेवावं. रोज तीच वेळ, तीच हाक, तेच भांडं.

पण त्याआधी आठवडाभर कोंडून ठेवणं आलंच. नव्या कोंबड्या आणल्या की किमान पाच ते सात दिवस त्यांना खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या जाळीच्या आवारातच ठेवावं. सावली, हवा आणि पाणी भरपूर हवं. गावाकडे नवी कोंबडी आठवडाभर डालग्याखाली झाकतात किंवा पायाला चिंधी बांधून ओसरीच्या खांबाला अडकवून ठेवतात, ते याचसाठी. आजूबाजूच्या खुणा आणि रात्रीची जागा यांची तिच्या डोक्यात सांगड बसायला तेवढे दिवस लागतात. अनेकांना तिसऱ्या दिवशी दया येते आणि ते दार उघडतात. ती दया कोंबडीला महागात पडते. आठवड्यानंतर सोडायचं तेही सकाळी नको. पहिले काही दिवस संध्याकाळी, अंधाराला तासभर उरला असताना सोडावं. लांब भटकायला वेळ नसतो, पोट रिकामं असतं आणि मघाशीच सोडलेली जागा जवळच असते.

खुराड्यातला उजेड हा बहुतेकांच्या ध्यानातच न येणारा मुद्दा. चारी बाजूंनी बंद असलेल्या खुराड्यात बाहेरच्यापेक्षा बराच आधी काळोख होतो. बाहेर अजून संधिप्रकाश असतो तेव्हा दारातून आत बघणाऱ्या कोंबडीला समोर फक्त काळं भोक दिसतं, आणि तिच्या नजरेला त्यात दांडी सापडत नाही. साहजिकच ती अजून उजेड असलेल्या भिंतीवर चढते. आत छोटा मंद दिवा दिवेलागणीला अर्धा-पाऊण तास लावला की ही अडचण दूर होते. दिवा मालवायचा तो सगळ्या जणी दांडीवर बसल्यावरच, नाहीतर जमिनीवर राहिलेली तिथेच अडकते.

आणि दांडी हवीच. रात्री झोपायला कोंबडीला नुसती बंद खोली पुरत नाही. स्वीडनमध्ये ॲना ओल्सन आणि लिंडा कीलिंग यांनी 2000 साली दाखवलं की दिवे मालवल्यावर काही मिनिटांतच जवळपास सगळ्या कोंबड्या दांड्यांवर जाऊन बसतात, आणि दांडीवर जाण्याची वाट अडवली तर त्या अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतात. पुढे 2002 साली त्यांनी दांडीच्या वाटेवर ढकलून उघडायचं जड दार बसवलं. कोंबड्यांनी वजन वाढवत नेलेलं ते दारही ढकललं. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंच पण सपाट जाळी आणि ठेंगणी दांडी असे पर्याय दिले, तर रात्री कोंबड्या उंचीकडे वळल्या. तेव्हा खुराड्यातली सगळ्यात उंच बसायची जागा दांडीच असायला हवी. अंडी घालायचे खोके तिच्याहून उंच लावले तर कोंबड्या खोक्यात झोपतात, तिथेच विष्ठा करतात आणि सकाळी अंडी बरबटलेली मिळतात.

दांडी लाकडाची, चारेक सेंटीमीटर जाडीची, कडा तासून गोल केलेली असावी. प्लास्टिकच्या गुळगुळीत पाइपवरून पाय निसटतो. युरोपीय संघाच्या 1999 सालच्या नियमात प्रत्येक कोंबडीला किमान 15 सेंटीमीटर दांडी सांगितली आहे. परसात 20 सेंटीमीटर द्यायला हरकत नाही. गिरिराज, वनराज अशा अंगाने भारी जातींसाठी दांडी फार उंच नको, आणि मधे एखादी पायरी हवी. त्या उडी मारून उतरतात तेव्हा छातीचं हाड आणि तळवे दुखावतात.

भारी जातींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज परसात येणारी बरीच पिल्लं उबवणी यंत्रातली असतात. आई नाही, फांदी नाही. बल्बच्या उबेत, सपाट जमिनीवर, शंभर भावंडांत ती वाढतात. खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्लं आईमागे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ओंडक्यावर, पायरीवर, टोपलीच्या काठावर चढू लागतात. यंत्रातल्या पिल्लांची ही शाळाच बुडते.

त्याने किती फरक पडतो? स्वीडनमध्येच स्टेफान गुन्नार्सन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या लेगहॉर्नची एक दिवसाची 30 पिल्लं घेतली आणि दोन गट केले. एका गटाला पहिल्या दिवसापासून दांड्या, दुसऱ्याला आठ आठवड्यांपर्यंत नाही. नंतर दोघांनाही दांड्या दिल्या आणि 15व्या आठवड्यापर्यंत सगळ्या रात्री दांडीवर झोपू लागल्या. वरवर पाहता फरक मिटला होता. मग सोळाव्या आठवड्यात भुकेल्या कोंबड्यांसमोर खाणं उंचावर ठेवलं. 40 सेंटीमीटर उंचीवर दोन्ही गट सारखेच ठरले. उंची 80 आणि पुढे टप्प्याटप्प्याने 160 सेंटीमीटर केली तशा उशिरा दांडी मिळालेल्या कोंबड्या मागे पडत गेल्या. पायांत बळ दोघींच्या होतं. उणीव होती ती उंचीचा आणि अंतराचा अंदाज बांधण्यात. ते कौशल्य कोवळ्या वयातच घडतं.

म्हणून खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून झोपणाऱ्या तलंगांवर चिडू नये. दांडी म्हणजे काय हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. अंधार पडल्यावर दोन्ही पंख हातांनी हलके दाबून एकेकीला उचलावं आणि दांडीवर बसवावं. बोटांनी पकड घेतली की हात सोडावा. हे सलग काही रात्री करावं लागतं. एखादी लवकर शिकते आणि बाकीच्या तिचं बघून शिकतात. लहान पिल्लं आणली असतील तर पहिल्या आठवड्यापासूनच त्यांच्या जागेत दोन-चार इंच उंचीची काठी ठेवावी.

घरात आधीच्या कोंबड्या असतील तर प्रश्न वेगळा होतो. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1920च्या सुमारास कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड जगासमोर मांडली. प्रत्येकीला आपण कुणाला टोचू शकतो आणि कुणापुढे नमायचं हे ठाऊक असतं, आणि संध्याकाळी दांडीवरच्या जागेवरून ही उतरंड सगळ्यात उघडपणे दिसते. थोरली कोंबडी दारातच उभी राहून नवीला आत येऊ देत नाही. नवी बाहेर राहते आणि मालकाला वाटतं तिला खुराडं आवडलं नाही. मानमोडीसारखे रोग घरात येऊ नयेत म्हणून नवीला आधी दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचंच असतं. त्यानंतर आठवडाभर जाळीआडून ओळख होऊ द्यावी, दांडी आणखी एक लावावी, आणि जमलं तर खुराड्याला दुसरं दार पाडावं.

‘झाडावर झोपली तर झोपू दे, निसर्गच तो’ असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रानकोंबडीला दाट जंगल असतं. आपल्या परसातल्या एकट्या लिंबावर मांजर आणि मोठं घुबड सहज पोहोचतं, आणि कोकणातल्या आषाढात भिजलेली कोंबडी सकाळी गारठून पडलेली सापडते. झाडावर गेलेलीला पूर्ण अंधार व्हायच्या आत उतरवून आणावं आणि पुन्हा आठवडाभर कोंडावं.

शेवटी एक वेगळीच तक्रार. महिनोन्महिने नीट आत जाणाऱ्या कोंबड्या अचानक दारात घुटमळू लागल्या, तर शिकवणीत काही बिघडलेलं नाही. रात्री खुराड्यात काय आहे ते बघावं. रक्त पिणारे तांबडे सूक्ष्म कोळी आणि कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत दडून बसतात आणि अंधारात बाहेर येतात, त्यामुळे दिवसा तपासून काही सापडत नाही. रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने आणि सांध्यांवरून पांढरा कपडा फिरवावा. त्यावर तांबडे डाग उमटले तर दांड्या काढून उकळत्या पाण्याने धुवाव्यात, कडक उन्हात टाकाव्यात, फटी बुजवून आतून चुना मारावा, जुनं तूस जाळावं, आणि कोंबड्यांच्या अंगावरच्या औषधाबद्दल पशुवैद्यकाला विचारावं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण फटीत राहिलेल्या अंड्यांतून पुढची पिढी तोवर बाहेर आलेली असते.