जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घेतली की पैसे दुप्पट?

‘जुनी पद्मिनी घ्या, रंग मारा, दुप्पट भावाने विका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण विक्रीचा आकडा सगळे सांगतात, गॅरेजच्या बिलांचा कुणी नाही.

पद्मिनी काही दशकं बनत होती, मुंबईत टॅक्सी म्हणून तर रांगेने उभ्या असत. नुसत्या वयाने ती दुर्मीळ होत नाही. भाव ठरतो मूळ भाग, कागदपत्रं आणि पत्र्यावर. दाराच्या खालच्या कडेला साधं लोहचुंबक लावून बघा. धरलं नाही, तर रंगाखाली पत्रा कमी, लांबीच (खड्डे बुजवायची पुट्टी) जास्त. चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावरचा) आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी ताडा. मग डेंटिंग-पेंटिंग, क्रोम, इंजिन यांचे लेखी अंदाज खरेदीत मिळवा. बेरीज बहुधा विक्रीभाव ओलांडते. शिवाय ‘व्हिंटेज’ नोंदणीला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. हौसेसाठी घेणाऱ्याला ही बेरीज खुपत नाही, ते वेगळं.