परिचारिकांचे मन का करपते : वॉर्डातल्या रुग्णसंख्येचे विज्ञान

मोठ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रुग्णाचा उल्लेख खाटेच्या नंबरावरून होणे नवे नाही. ‘सातची सलाईन संपत आली’, ‘बाराचे ड्रेसिंग राहिले आहे’ असे सिस्टर एकमेकींना सांगतात, कारण त्यात वेळ वाचतो. मात्र महिनोन्‌महिने दमछाक होत राहिली, की एखाद्या दिवशी सातवर झोपलेली बाई त्या नंबरापलीकडे कोणीच उरत नाही. तिच्या मुलाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, की कणव वाटण्याऐवजी चीड येते आणि घरी पोचल्यावर त्या चिडीची लाज वाटते. हा स्वभावातला दोष आहे, असे त्या परिचारिकेला वाटते आणि बरेचदा तिच्या वरिष्ठांनाही तसेच वाटते. मानसशास्त्र मात्र गेली सुमारे पन्नास वर्षे वेगळे सांगत आले आहे.

१९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातील कार्यकर्त्यांविषयी एक लेख लिहिला आणि त्यांच्या अवस्थेसाठी ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. तळमळीने कामाला लागलेली माणसेच आधी थकत, चिडचिडी होत आणि ज्यांच्यासाठी ती आली होती त्या रुग्णांशी कोरडेपणाने वागू लागत, हे त्याने जवळून पाहिले होते. पुढे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये हे मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात २२ विधाने असून ती तीन गोष्टी तपासतात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी आलेली तुटक वृत्ती आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही ही भावना. खाटेच्या नंबरापलीकडे माणूस न दिसणे हे यातले दुसरे लक्षण होय. थकलेले मन उरलेली शक्ती वाचवण्यासाठी समोरच्यापासून अंतर घेऊ लागते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटला आजार न म्हणता ‘व्यवसायाशी संबंधित घटना’ म्हटले आहे आणि त्याचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घकालीन ताणात असल्याचे नमूद केले आहे. ही शब्दयोजना मला फार महत्त्वाची वाटते, कारण आजार म्हटले की आपण उपचार त्या व्यक्तीवर करू लागतो आणि काम आहे तसेच राहते.

ताण स्वतः वाईट नसतो. रुग्णाचे हृदय थांबले असता परिचारिका ज्या वेगाने धावते, त्या वेगामागे मेंदूतील हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी काम करत असते. त्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते, रक्तातली साखर वाढते, लक्ष एकवटते आणि प्रसंग ओसरला की ही यंत्रणा पुन्हा पूर्वपदावर येते. बिघाड होतो तो हे ओसरणेच बंद पडल्यावर. कामाची पाळी संपली तरी ‘अकरा नंबरचे अँटिबायोटिक मी चार्ज देताना (पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे काम सोपवताना) सांगितले का?’ हा प्रश्न बसमध्येही डोक्यात फिरत राहिला, तर शरीर घरी पोचते, पण मन वॉर्डातच राहते. कामातून मनाने बाहेर पडता येणे ही विश्रांतीची पहिली अट असल्याचे जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांच्या संशोधनाने दाखवले आहे. त्यात रात्रपाळीने झोपेचे चक्र विस्कटले, की भरपाईला जागाच उरत नाही. बारा युरोपीय देशांतील ३१ हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत, बारा तास किंवा त्याहून लांब पाळी करणाऱ्यांमध्ये बर्नआउटचे प्रमाण आठ तासांपर्यंतची पाळी करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले.

या सगळ्यात सर्वात ठोस पुरावा मात्र एका साध्या मोजणीतून आला आहे. परिचर्या क्षेत्रातील संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांमधल्या १०,१८४ परिचारिकांची आणि २,३२,३४२ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. एका परिचारिकेकडे सरासरीने एक रुग्ण वाढला, की तिला बर्नआउट असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती आणि नोकरीविषयी असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी. त्याच एका वाढीव रुग्णामागे, दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्णाचा मृत्यू होण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढत होती. परिचारिकेचे मन आणि रुग्णाचा जीव एकाच आकड्याला बांधलेले आहेत, हे इतक्या स्पष्टपणे मांडले गेल्यावर परिचारिकांच्या थकव्याकडे त्यांची खासगी अडचण म्हणून पाहणे मला अक्षम्य वाटते.

अशा अभ्यासावर एक रास्त आक्षेप असतो: दोन गोष्टी सोबत आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याचा अनुभव मोलाचा आहे. तेथे २०१६ मध्ये निवडक सरकारी रुग्णालयांना किमान प्रमाण कायद्याने बांधून दिले गेले: सकाळ-दुपारच्या पाळीत चार रुग्णांमागे एक परिचारिका आणि रात्री सात रुग्णांमागे एक. ज्या २७ रुग्णालयांना नियम लागू झाला त्यांची, तो लागू न झालेल्या २८ रुग्णालयांशी आधी आणि नंतर अशी तुलना करण्यात आली. नियमाच्या रुग्णालयांत मृत्यूची शक्यता कमी झाली, रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण आटोक्यात राहिले, आणि त्यातून वाचलेला खर्च वाढीव परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. कॅलिफोर्नियात असा कायदा त्याआधीच, २००४ पासून, लागू आहे. त्यातली एक तरतूद मला विशेष आवडते: ठरवलेले प्रमाण पाळीतल्या प्रत्येक क्षणी पाळावे लागते, म्हणजे एखादी परिचारिका जेवायला गेली, तर तिचे रुग्ण पाहायला दुसरी असावीच लागते.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एका परिचारिकेकडे याच्या कित्येक पट रुग्ण असतात, आणि रात्रपाळीत तर ही दरी आणखी रुंदावते. शिवाय रजिस्टरे भरणे, स्टोअरमधून साहित्य आणणे, संतापलेल्या नातेवाइकांची समजूत घालणे ही कामे कोणत्याही प्रमाणात धरलेली नसतात. मग मागे पडते ते रुग्णाशी दोन शब्द बोलणे. युरोपातील मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक परिचारिकांनी आपल्या मागच्या पाळीत नेमके हेच राहून गेल्याचे सांगितले होते. काय करायला हवे हे ठाऊक असूनही ते करता न येण्याच्या यातनेला अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ म्हटले. माझ्या मते अनेक सिस्टरांना कामाच्या ओझ्याहून हे शल्य अधिक पोखरते.

ताणमुक्तीची कार्यशाळा, ध्यानाचे ॲप, वर्षातून एकदा योगाचे शिबिर हे उपाय व्यवस्थापनाला सोपे जातात. त्यांचा उपयोग अगदीच नाही असे नव्हे. १,५५० डॉक्टरांवरील १९ अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यक्तीवर केंद्रित उपायांनी थोडा फरक पडलेला दिसला, पण कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम त्याहून ठळक होता. ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारित, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तर अशा व्यक्तिगत कार्यक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात जवळजवळ काहीच फरक आढळला नाही.

म्हणून सुरुवात ड्युटी लिस्टपासून व्हायला हवी. ती किमान महिनाभर आधी लागावी, रात्रपाळ्यांनंतर पुरेशी सुट्टी मिळावी, आणि आपल्या पाळ्यांविषयी परिचारिकेला काही म्हणता यावे, कारण मागणी जास्त आणि अधिकार कमी अशी कामे सर्वाधिक ताण देतात, हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडले होते. चार्ज देण्या-घेण्यासाठी लागणारी पंधरा-वीस मिनिटे पाळीच्या वेळेतच धरावीत. चूक झाल्यावर सर्वांसमोर झापण्याऐवजी ती कशी घडली हे शोधले, तर पुढची चूक लपवली जात नाही. इन्चार्ज सिस्टरच्या वागण्याने वॉर्डाचा सूर ठरतो, पण तिच्याही डोक्यावर तोच भार असतो हे विसरले जाते.

बर्नआउट आणि नैराश्य यांची लक्षणे बरीच मिळतीजुळती असतात. आठवडाभराच्या रजेनंतरही मन उभारी धरत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. रुग्णालयाने समुपदेशक नेमायचा असेल, तर तो मेट्रनच्या किंवा प्रशासनाच्या हाताखालचा नसावा, आणि त्याच्याकडे कोण गेले याची नोंद सेवापुस्तकापर्यंत पोचू नये. ही खात्री मिळाली नाही, तर त्या खोलीचे दार ज्यांनी ठोठवायला हवे, त्या सिस्टर तिकडे फिरकणारच नाहीत.