उत्सुकता आणि अपेक्षा : भाच्याच्या वहीतला डूम

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की मागोमाग भाचाही येतो. बारावीचा आहे, सुपरहिरोंच्या सिनेमांचं भयंकर वेड. यंदा धुळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या दुपारी, कूलरसमोर बसून त्यानं दप्तरातून दोनशे पानी वही काढली आणि मागच्या बाजूनं उघडली. पुढून फिजिक्स, मागून 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे'. १८ डिसेंबर २०२६ ही सिनेमा लागायची तारीख वर दोनदा अधोरेखित. खाली नंबर टाकून सगळा सिनेमा : कोण कुठल्या विश्वातून येणार, कोण कुणाला ओळखणार नाही, कोण मरणार. शेवटच्या प्रसंगातले दोन संवादसुद्धा लिहून ठेवलेले.

म्हटलं, इतकं सगळं माहितीच आहे तर तिकीट कशाला काढतो? तो म्हणाला, "मामा, आसं नही दखाडं ते मंग काय मजा?"

याला तो उत्सुकता म्हणतो. मला ती अपेक्षा वाटते. आपण हे दोन्ही शब्द एकाच खिशात ठेवतो, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीत माणूस ट्रेलर दहादा बघतो, दोन्हीत पहिल्या दिवशीचा पहिला शो लागतो. फरक ट्रेलर संपल्यावर तोंडातून काय निघतं त्यात आहे. उत्सुक माणूस विचारतो, हा असा कसा झाला असेल? अपेक्षावाला म्हणतो, मुखवटा असा नको होता. पहिल्याला उत्तर हवं असतं. दुसऱ्याकडे उत्तर आधीच असतं, तो फक्त ताळा जुळतो का ते बघायला थिएटरात जातो.

आणि हे आजकालच्या पोरांचंच आहे असंही नाही. १९८८ साली मायकल कीटनला बॅटमॅन म्हणून घेतल्याचं जाहीर झालं, तेव्हा स्टुडिओकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रं गेल्याचं सांगतात. इंटरनेट नव्हतं, लोकांनी पाकिटं घेऊन, तिकिटं चिकटवून राग पाठवला. कीटन तेव्हा विनोदी भूमिकांसाठी ओळखला जायचा. १९६६ च्या टीव्ही मालिकेतल्या हसऱ्या-खेळकर बॅटमॅननंतर चाहत्यांना धाक होता की पुन्हा थट्टाच होणार. १९८९ मध्ये टिम बर्टनचा सिनेमा आला तो काळोखा, गंभीर. म्हणजे गंमत बघा, चाहत्यांची खरी मागणी पुरी झाली होती, आणि तीही त्याच माणसाकडून ज्याच्याविरुद्ध पत्रं लिहिली होती. 'बॅटमॅन गंभीर हवा' ही अपेक्षा रास्त होती. 'म्हणून कीटन नको' हा तिला जोडलेला स्वतःचा अंदाज होता. हीथ लेजरला बॅटमॅनचा शत्रू जोकर दिला तेव्हाही २००६ मध्ये हीच नाकं मुरडली गेली. त्याच भूमिकेसाठी २००९ चं ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं.

तेव्हा सगळी अपेक्षा वाईट, असं मी म्हणणार नाही. एक अपेक्षा पात्राच्या स्वभावाची असते, तेवढी दिग्दर्शकानं पाळावी. दुसरी घटनांची असते. ती पाळायची तर भाच्याची वही मागवून घ्यावी आणि कॅमेरा लावावा.

आता चाहते ज्याला 'मूळ' म्हणतात त्याचं थोडं सांगतो, कारण माझ्या मते घोळ तिथेच आहे. सुपरमॅन १९३८ मध्ये पहिल्यांदा छापला गेला तेव्हा तो उडत नव्हता. उड्या मारायचा. लांब उड्या, मैलाच्या आठव्या हिश्शाएवढ्या, पण उड्याच. उडणं नंतर आलं. त्याला निष्प्रभ करणारा क्रिप्टोनाइटचा दगड तर १९४३ मध्ये रेडिओच्या मालिकेत आला आणि मग कॉमिकमध्ये शिरला. बॅटमॅनचा नोकर आल्फ्रेड सुरुवातीला चांगला गोलमटोल होता. १९४३ च्या पडद्यावरच्या मालिकेतला नट सडपातळ निघाला, म्हणून कागदावरचा आल्फ्रेडही पुढं बारीक झाला. जोकरची साथीदार हार्ली क्विन १९९२ च्या कार्टून मालिकेतून आली आणि मागाहून कॉमिकात राहायला गेली. आज उद्या कुणी न उडणारा सुपरमॅन काढला तर 'मूळाशी बेइमानी' म्हणून ओरड होईल. ज्याला आपण मूळ म्हणून पाठ करतो, ते कुणीतरी कधीतरी घेतलेल्या मोकळिकीतूनच आलंय.

हे भाच्याला सांगत होतो तेव्हा मागच्या अंगणात निंबाच्या झाडाला झोका बांधलेला. आमची आई शिरपूरकडची, वहिनी रावेरची. झोक्यावर म्हणायच्या एकाच गाण्यातल्या एका ओळीवरून दोघींची दरवर्षी जुंपते. आईच्या गावाला ओळीत भाऊ घ्यायला येतो, वहिनीकडे बाप येतो. दोघी म्हणतात आमचंच खरं. कोणी लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे निकाल लागत नाही, आणि गाणं मात्र थांबत नाही. भाऊ की बाप, यावरून कुणी झोक्यावरून उतरलेलं मी पाहिलं नाही. ओळीतून माहेरच काढून टाकलं असतं तर दोघींनी मिळून आकाशपाताळ एक केलं असतं.

आमच्याकडची आणखी एक गोष्ट आहे. माझ्या लहानपणी एस.टी. स्टँडच्या स्टॉलवर नागराज, सुपर कमांडो ध्रुव, चाचा चौधरी मिळायचे, भाड्यानंसुद्धा. अमेरिकन कॉमिक हातात यायचं ते क्वचित, कुणाच्या मुंबईच्या काकांकडून. म्हणजे आमच्या पिढीला आणि भाच्याच्याही पिढीला हे हिरो भेटले ते टीव्हीवर, मग पडद्यावर, हिंदी आवाजात. त्यामुळे आमची अपेक्षा कॉमिकमधून आलेली नाही. ती आधीच्या सिनेमातून आली आहे. जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियरनं मुखवटा काढला आणि तो डॉक्टर डूम हा खलनायक होणार हे कळलं, तेव्हा भाच्याच्या डोळ्यासमोर १९६२ पासूनच्या कॉमिकमधला, लॅटव्हेरियाचा राजा, चेहरा मुखवट्याआड झाकलेला व्हिक्टर फॉन डूम आलाच नाही. त्याला २००८ पासून डाउनीनंच रंगवलेला टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, आठवला. वहीतला डूमही म्हणूनच टोनीचाच कुणीतरी निघतो. कॉमिक वाचणारा 'आमचा डूम बिघडवू नका' म्हणेल, हा 'आमचा टोनी परत द्या' म्हणतो. दोघेही स्वतःला चाहतेच म्हणवतात आणि दोघांच्या अपेक्षा एकाच सिनेमानं पुऱ्या होणं अवघड आहे.

बरं, अपेक्षा फक्त चाहतेच पेरतात असं नाही. २०१३ च्या 'आयर्न मॅन ३' चं उदाहरण घ्या. जाहिरातीत मँडरिन हा महाभयंकर खलनायक म्हणून दाखवला, बेन किंग्जलीचा तो थंड आवाज. सिनेमात कळतं की हा तर पैशासाठी नेमलेला नट आहे. मला ती जागा फार आवडली. भाच्याला विचाराल तर तो अजून चिडतो, आणि इथे मी त्याची बाजू घेईन. लपवून ठेवलं की उत्सुकता वाढते. कबूल करून ठेवलं की अपेक्षा वाढते. स्टुडिओनं कबूल केलं होतं. पुढे २०२१ मध्ये 'शांग-ची' या सिनेमातून टोनी लिऊंगच्या रूपात खरा मँडरिन आणून जुनी उधारी फेडावी लागलीच. दिग्दर्शकाला मोकळीक होती, पण दुकानाच्या पाटीवर वेगळाच माल रंगवला होता.

उलटं उदाहरणही आहे. 'जस्टिस लीग' चा पहिला दिग्दर्शक झॅक स्नायडर मध्येच बाजूला झाला, दुसऱ्याच्या हातून २०१७ चा सिनेमा निघाला. चाहत्यांनी वर्षानुवर्षं धोशा लावला आणि मार्च २०२१ मध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली. इथे चाहत्यांचा हट्टच दिग्दर्शकाच्या मोकळिकीच्या बाजूनं उभा राहिला. तेव्हा हट्टाला सरसकट शिव्या घालायचं मी सोडून दिलंय.

संध्याकाळी त्याला फैजा अहमद खानचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ चा माहितीपट लावून दिला. मालेगाव आज कागदावर नाशिक जिल्ह्यात, पण आमच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आणि बोलणं-चालणं ओळखीचं. शेख नासिर तिथे स्वतःचा सुपरमॅन काढतोय. नायक शफीक शेख, यंत्रमागावरचा कामगार, अंगानं काटकुळा. लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. हिरव्या कापडासमोर त्याला आडवा धरून उडवायची खटपट चालली आहे. या सुपरमॅनबद्दल कुणाच्या वहीत काही लिहिलेलं असणं शक्य नव्हतं.

भाचा मोबाइल बाजूला ठेवून पुढे सरकला. "मामा, हाऊ उडी कसा?"

मी काही बोललो नाही. बहिणीनं रसाची वाटी आणली आणि टेकवायला जागा नव्हती म्हणून वहीवरच ठेवली.